एसीचं काम शिकताय? गॅसच्या आधी मीटर

दहावी-बारावी झालेली आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातली पोरं उन्हाळा आला की विचारायला येतात, "काका, एसीचं शिकू का?" आणि लगेच पुढचं, "गॅस भरायला किती दिवसांत येतं?" गॅस भरणं हे या धंद्यातलं सोपं काम आहे. बाटली, गेज आणि वजनकाटा असला की भरता येतो. भरायची गरज आहे की नाही, हे ओळखणं अवघड.

कारेलीबागेतल्या एखाद्या बेन दारातच सांगतात, "गॅस भरी आपो ने, भाई." एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद पाइपांत फिरत राहतो, आणि कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. मग आधी गळती शोधायची. नायट्रोजनचा दाब देऊन जोडांवर साबणाचं पाणी लावा, फ्लेअर नटापाशी (तांब्याचा पाइप युनिटला जोडणाऱ्या नटापाशी) बुडबुडा बहुतेक वेळा दिसतोच. इनडोअरच्या कॉइलवर बर्फ दिसला की नवशिके 'गॅस कमी' म्हणून मोकळे होतात, पण फिल्टर धुळीने चोंदला किंवा ब्लोअर मंद झाला तरी तसाच बर्फ धरतो. फिल्टर धुऊन होणाऱ्या कामाला गॅसचे पैसे लावणारे कारागीर गावात कमी नाहीत. तुमचं नाव त्यांच्यात जाऊ देऊ नका.

शिकायचं कुठे? माझं मत सरळ आहे: आयटीआय. रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड दोन वर्षांचा असतो आणि विज्ञान-गणितासह दहावी पास लागते. बडोद्यात गोरवा आणि तरसाली इथे सरकारी आयटीआय आहेत. यंदा हा ट्रेड कुठे आणि किती जागांवर आहे, ते दहावीच्या निकालाआधीच जाऊन विचारा. तीन-चार महिन्यांचे कोर्स वाईट नाहीत, पण त्यातून हेल्पर तयार होतो. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप नक्की करा. घरी थोडा विरोध होईल. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढून याच गावात हातकाम शिकवायला सुरुवात केली, तरी आपल्या मराठी घरांत 'मेकॅनिक' म्हटलं की अजून तोंडं वाकडी होतात. बँकेतली नोकरी हवी असते, पण एसी बंद पडला की शोध मेकॅनिकचाच असतो.

आता मीटर, म्हणजे व्होल्ट आणि ओहम मोजणारा मल्टिमीटर. तक्रारींचा मोठा भाग विजेचा असतो: कपॅसिटर (मोटर सुरू करायला वीज साठवणारा डबा) गेलेला, वायर जळालेली, सेन्सर तुटलेला, पावसाळ्यात पीसीबीवर, म्हणजे सर्किट बोर्डावर, ओल आलेली. गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरवर कॉमन, रन आणि स्टार्ट ही तीन टोकं असतात. लाइन बंद करून दोन-दोन टोकांमधला रोध मोजा. समजा २, ४ आणि ६ ओहम आले. सर्वांत मोठा आकडा रन आणि स्टार्टमधला, मग उरलेलं टोक कॉमन. कॉमनपासून कमी रोध दाखवणारं रन, जास्त दाखवणारं स्टार्ट. बाकी दोघांची बेरीज मोठ्या आकड्याएवढी यायला हवी. हे कागदावर दहा वेळा काढा, मग जुन्या भंगार कॉम्प्रेसरवर करून बघा. कपॅसिटरला हात लावण्याआधी तो डिस्चार्ज करायचाच, मेन स्विच बंद असला तरी.

ज्या कामात सगळ्यात जास्त कामचोरी होते ते म्हणजे वॅक्युम: गॅस सोडण्याआधी पंपाने पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणं. उन्हाळ्यात दिवसाला चार-पाच इन्स्टॉलेशन असली की उस्ताद म्हणतो, "जरा गॅस सोड, हवा निघून जाईल." हवा थोडीफार निघते, पाइपातली ओल राहते. नव्या मशिनांतलं तेल ओल फार पटकन शोषतं. त्यातून आम्ल बनतं आणि एक-दोन सीझननंतर कॉम्प्रेसरचं वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळतं, तेव्हा दोष कंपनीवर जातो. पंप लावा, वॅक्युम मोजणारा मायक्रॉन गेज ५०० च्या खाली येऊ द्या, पंप बंद करून काटा वर चढतो का ते बघा आणि मगच गॅस सोडा.

गॅसही आता एकसारखे नाहीत. जुन्या आर-२२ मध्ये सक्शनचा (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा) दाब साधारण ६०-७० पीएसआय दिसायचा, आर-४१०ए आणि आर-३२ मध्ये तो ११० च्या पुढे असतो. त्यामुळे जुन्या गेज-होजवर नवं मशिन तपासू नका. आर-३२ पेट घेऊ शकतो, आर-२९० तर प्रोपेनच आहे. लाइनमध्ये गॅस असताना पाइप जोडायचा ज्योतीचा टॉर्च पेटवायचा नाही. दाबतपासणीला नायट्रोजनच वापरा. ऑक्सिजन तेलाला भेटला तर स्फोट होतो आणि तो चुकवायला वेळ मिळत नाही.

गरम करायचं काम बडोद्यात घरगुती गिऱ्हाइकाकडे फारसं नाही. हॉट-अँड-कोल्ड एसीत चार वाटांचा व्हॉल्व्ह गॅसची दिशा उलटी करतो, इतकं समजलं तरी चालेल. खरी गरज औषध कंपन्यांत आणि ऑपरेशन थिएटरमध्ये लागते. तिथे हवेतली ओल काढायला हवा आधी खूप थंड करतात आणि मग हीटरने पुन्हा थोडी तापवतात.

म्हणून घरोघरच्या स्प्लिट एसीवरच थांबू नका. स्प्लिटचा सीझन मार्च ते जून, नवरात्रीनंतर काम ओसरतं आणि बाहेरच्या सज्जावर लटकून करायचं ते वेगळंच. सेफ्टी बेल्ट लावायला लाज वाटत असेल तर या धंद्यात येऊच नका. अलेम्बिक ही औषध कंपनी १९०७ पासून इथे आहे. नंदेसरी, मकरपुरा, मांजुसर या पट्ट्यांतल्या कारखान्यांना चिलर (पाणी थंड करणारं मोठं मशिन), कूलिंग टॉवर आणि एएचयू (थंड हवा खोल्यांत सोडणारं युनिट) चालवणारी माणसं बारा महिने लागतात. अप्रेंटिसशिपचा अर्ज भरताना अशा प्लांटचं नाव आधी टाका, आणि रात्रपाळी मिळाली तर नाही म्हणू नका. रात्री सीनियर निवांत असतो. लॉगबुकात दर तासाला लिहिलेले दाब आणि तापमान समोर ठेवून तो समजावून सांगतो, दिवसा ते शक्य नसतं.