मागच्या बाकावरचा प्रश्न ऑनलाइनवाल्यांना ऐकवायचा असेल तर

निम्मा वर्ग समोर, निम्मा झूमवर. हिंजवडीच्या ट्रॅफिकमुळे आमच्या एम.बी.ए.च्या संध्याकाळच्या तासाला हे ठरलेलंच. वर्गात कुणी शंका विचारली की चॅटमध्ये लगेच ‘सर, आवाज येत नाहीये’. लॅपटॉपचा माइक दुसऱ्या बाकापलीकडचं पकडतच नाही, वर पंख्याची घरघर.

महागडा माइक नको. जुना फोन आणि माइक असलेला साधा वायरवाला इअरफोन पुरे.

१. फोनवरून त्याच मीटिंगमध्ये ‘फिरता माइक’ अशा नावाने शिरा.
२. इअरफोन जोडा, म्हणजे फोनचा स्पीकर आपोआप गप्प बसतो. वायरवरचं बटण असतं ना, माइक तिथेच.
३. लॅपटॉपचा माइक म्यूट, स्पीकरही बंद. नाहीतर फोनमध्ये बोललेलं लॅपटॉपमधून पुन्हा वर्गात घुमतं.
४. शिकवताना फोन तुमच्या खिशात, वायर कॉलरला. प्रश्न आला की विचारणाऱ्याच्या हातात. (वर्गाला याची गंमत वाटते, एरवी न बोलणारेही हात वर करतात.)

ऑनलाइनवाल्याला बोलायचं असेल तर मात्र फोन आधी म्यूट करा, मगच लॅपटॉपचा स्पीकर चालू. नाहीतर लॅपटॉपमधून आलेला त्याचाच आवाज फिरत्या माइकमधून त्याच्या कानावर आदळतो आणि बिचारा मध्येच अडखळतो.