बेसची तार चरचरते? आधी या चुका टाळा

ठाण्याच्या नौपाड्यात माझ्याकडे बेस गिटार शिकायला येणाऱ्या मुलांचं ठरलेलं गाऱ्हाणं: "सर, बोट सरकवलं की चर्रर्र होतं. कुठली तार घेऊ?" तार सांगतोच, पण आधी डावा हात बघतो. बहुतेक जण तार दाबलेलीच ठेवून बोट पुढच्या फ्रेटपर्यंत (दांड्यावरच्या आडव्या पट्टीपर्यंत) फरफटत नेतात. बोट किंचित सैल करा, मग हात हलवा. हे महिनाभर घोटायचा कंटाळा असेल, तर तारांवर पैसे घालवूच नका.

तारांचे प्रकार बघा. राउंडवाउंडमध्ये गाभ्यावर गोल तार गुंडाळलेली असते. त्या वळ्यांवर बोट घासलं की कंगव्यावर नख फिरवल्यासारखा आवाज येणारच. स्टेनलेस स्टीलचा जास्त, निकेलचा जरा मवाळ. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी असते, बोट सुळकन जातं. हाफराउंड म्हणजे गोल गुंडाळून वरून घासून काढलेली, दोन्हींच्या मधली. टेपवाउंडवर नायलॉनची पट्टी असते. ती पिकअपला (तारेची थरथर टिपणाऱ्या चुंबकाला) कळेल का, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. आत धातूच आहे, कळेल.

माझं डोकं फिरतं ते फ्लॅटवाउंड लावून दुसऱ्या दिवशी काढणाऱ्यांवर. घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये रात्री हेडफोन लावून एकटंच वाजवायचं आणि "मेलेली वाटते" म्हणायचं. एकटी ती तशीच वाटते. ढोलक, कीबोर्ड आणि गाणाऱ्यासोबत वाजवा, मग बोला. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंडच वाजवत, आणि तुटल्याशिवाय तार बदलत नसत. स्लॅपच (अंगठ्याने तार ठोकून) वाजवायचं असेल तर मात्र राउंडवाउंड घ्या आणि चरचरीची तक्रार करू नका.

आता माझीच फजिती. दिवाळी पहाटेच्या आदल्या रात्री नवे फ्लॅटवाउंड लावायला बसलो. घाईत सगळ्यात जाड, ई सुराची तार न वाकवता सरळ पकडीने कापली. वरची पट्टी गाभ्यावरून ढिली झाली आणि तार गेली कामातून. दुकानं बंद. पहाटे तलावपाळीकडे निघालो ते तीन गुळगुळीत तारा आणि एक जुनी राउंडवाउंड ई घेऊन. भावगीताच्या अंतऱ्यात, सगळे थांबलेल्या जागी, माझं बोट नेमकं ई वर सरकलं. बासरीवाल्याने मान वळवून पाहिलं. ते पाहणं अजून आठवतं. तेव्हापासून खुंटीच्या पुढे चार-पाच इंच मोजतो, तिथे तार काटकोनात वाकवतो आणि वाकवल्याच्या पुढे कापतो. आणि तारांचा संच बदलतो तो कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी.

तीस इंची शॉर्ट स्केल बेसवर (जिच्यात तारेचा वाजणारा भाग आखूड असतो) चौतीस इंची बेसची तार लावू नका. जाड भाग खुंटीवर येतो, फ्लॅटवाउंड तर तिथेच तुटू शकते.

फ्लॅटवाउंड सहसा जास्त ओढतात. लावल्यावर नेकचा (दांड्याचा) बाक बघा, ट्रस रॉड (बाक ठरवणारी दांड्यातली सळई) स्वतः पिळत बसू नका.

टेपवाउंड जाड असते, नटच्या (दांड्याच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत बसते का ते आधी पाहा.

काँप्रेसर (लहान-मोठा आवाज एकसारखा करणारं यंत्र) चढवला की दबलेली चरचरही वर येते. त्यापेक्षा गिटारवरचं टोनचं बटण थोडं खाली घ्या.

जुन्या तारा पाण्यात उकळून "नव्या" करणाऱ्यांनो, त्याने आवाजाची चकाकी परत येते, म्हणजे चरचरही.

पावसाळ्यात घामाच्या हातांनी वाजवून तशीच बेस पिशवीत कोंबली की तार गंजते, खरखरीत होते. वाजवून झालं की प्रत्येक तार वरून-खालून पुसायची. माझ्या पिशवीत त्यासाठी जुना बनियन असतो. मुलं हसतात, आणि नंतर माझ्याकडेच मागतात.