मांजराच्या नको त्या सवयी मोडताना या चुका टाळा

मांजर पाळलेल्या घरांतल्या तक्रारी बहुतेक सारख्याच असतात. सोफा ओरबाडतं, ओट्यावर चढतं, गादीवर शू करतं, पहाटे पाचला दार खरवडतं, कुरवाळताना मध्येच चावतं. त्यावरचे घरगुती उपायही सारखेच: ओरडा, धपाटा, तोंडावर पाण्याचा फवारा, नाहीतर बाथरूममध्ये कोंडणं. नख्या घासणं, उंचावर चढणं, पहाटे-संध्याकाळी शिकारीला निघणं या मांजराच्या गरजा आहेत. त्या मारून मोडत नाहीत. त्या कुठे आणि कधी भागवायच्या, एवढंच आपल्याला ठरवता येतं, आणि त्यासाठी घरात थोडे बदल करावे लागतात.

झाल्या गोष्टीची शिक्षा

ऑफिसातून घरी यावं तर गादी ओली. मग मांजराला मानगुटीला धरून तिथे नेतात आणि नाक डागावर घासतात. शू करून कित्येक तास उलटलेले असतात. मांजराच्या डोक्यात एवढंच बसतं की हा माणूस दारातून आत आला की आपल्याला पकडतो. दुसऱ्या दिवशी कुलूप उघडल्याचा आवाज येताच ते कपाटामागे शिरतं आणि घरचे म्हणतात, ‘बघा, चूक कळते त्याला.’ ती निव्वळ भीती असते. घाबरलेलं मांजर लिटर बॉक्सपर्यंत (शू-शीसाठी ठेवलेली पेटी; ‘लिटर’ म्हणजे तिच्यात भरलेले वाळूसारखे दाणे) जायचंही टाळतं, म्हणजे मूळ तक्रार वाढते.

पाण्याच्या फवाऱ्याचंही तेच. बाटली हातात घेतलेला माणूस समोर असेल तेव्हा ओट्यावर चढायचं नाही, एवढं मांजर शिकतं. तुम्ही बेडरूममध्ये गेलात की ते पुन्हा ओट्यावर. नको तिथे चढलेलं दिसलं तर आरडाओरडा न करता उचलून खाली ठेवा, किंवा खेळणं हलवून दुसरीकडे बोलवा आणि तिथे आल्यावर खाऊ द्या.

लिटरबाहेर शू केली की ‘रुसलाय’ म्हणणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. मांजर सूड म्हणून शू करत नाही. आजवर नीट लिटर वापरणाऱ्या मांजराने अचानक बाहेर शू केली, तर पहिली शंका आजाराची घ्या: मूत्राशयाची सूज, खडे, मधुमेह, किडनीचा त्रास, म्हाताऱ्या मांजरात सांधेदुखी. शू करताना दुखलं की मांजर ते दुखणं बॉक्सशी जोडतं आणि गार फरशी किंवा मऊ गादी शोधतं.

बोक्याच्या बाबतीत तर एक दृश्य ओळखता आलंच पाहिजे. तो सारखा बॉक्समध्ये जातो, पाठ वाकवून बराच वेळ बसतो, एखादा थेंब येतो किंवा काहीच येत नाही, मग बाहेर येऊन खालची जागा चाटत राहतो, कधी कळवळून ओरडतो. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालाय. प्रत्यक्षात मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, आणि तसं असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. रात्री उघडा असलेला दवाखाना शोधा.

आजार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, की लिटर बॉक्सकडे वळा. फ्लॅटमध्ये तो हमखास ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी ठेवतात. मांजर आत बसलेलं असताना मशीन एकदा जोरात फिरलं की पुढचे कित्येक दिवस ते तिकडे फिरकत नाही. पावसाळ्यात तर बाल्कनीचं दारच बंद राहतं. गणपतीत पाहुणे येतात, बॉक्स असलेली खोली लावून घेतली जाते आणि खापर मांजरावर फुटतं. बॉक्स शांत जागी हवा, दिवस-रात्र पोचता येईल असा हवा, आणि जेवणाच्या वाटीपासून लांब हवा.

बाजारातले बरेच बॉक्स लहान असतात. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजराची जी लांबी भरेल, तिच्या दीडपट लांब बॉक्स घ्या. प्लॅस्टिकचा मोठा, उथळ टब यापेक्षा स्वस्त पडतो आणि चांगला चालतो. लिटर बारीक दाण्याचं आणि बिनवासाचं असावं. लव्हेंडरचा वास आपल्याला बरा वाटतो, मांजराला नकोसा होतो. घाण दिवसातून दोनदा काढा. मांजरं जितकी असतील त्याहून एक बॉक्स जास्त ठेवा, आणि सगळे एकाच कोपऱ्यात मांडू नका.

उभ्याने, शेपूट ताठ करून ती थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर पिचकारी मारणं ही वेगळी गोष्ट आहे. ती हद्दीची खूण असते. नसबंदी केल्यावर दहापैकी साधारण नऊ बोक्यांत ती थांबते किंवा खूप कमी होते. नसबंदीनंतरही चालू राहिली तर खिडकीबाहेर येणारा परका बोका दिसतोय का ते पाहा आणि काचेच्या खालच्या भागाला कागद लावून टाका.

डागावर फिनेल ओतणं

याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. फिनेलमध्ये फिनॉलवर्गातली द्रव्यं किंवा पाइन तेल असतं. अशी द्रव्यं शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृतात जी प्रक्रिया लागते, ती मांजरात फार कमकुवत असते. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला जीवघेणी ठरते ती याच कमतरतेमुळे. फिनेलने पुसलेल्या फरशीवरून मांजर चालतं, मग बसून पंजे चाटतं, आणि विष पोटात जातं. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं जंतुनाशक मांजराच्या घरात नकोच. मांजर तिथे जाऊ नये म्हणून डांबरगोळ्या, निलगिरी तेल किंवा मिरचीपूड टाकणंही धोक्याचं आहे.

शिवाय डाग त्याने जात नाहीच. लघवीतल्या युरिक ॲसिडचे स्फटिक पाण्यात सहज विरघळत नाहीत. म्हणूनच जूनमध्ये हवा दमट झाली की साफ झालेल्या गादीला पुन्हा वास मारू लागतो, आणि मांजराचं नाक आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण. अमोनिया असलेला क्लीनर वापरला तर त्याला तो शूचाच वास वाटतो. जुन्या कापडाने दाबून ओल टिपा, पाण्याने पुसा आणि पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा एन्झाइम क्लीनर ओता. तो लगेच पुसू नका. बाटलीवर लिहिलेला वेळ जागा ओली राहू द्या.

सोफ्यासाठी मांजराशी भांडण

ओरबाडल्याने नखांवरचं जुनं कवच निघतं, अंग ताणलं जातं आणि पंजातल्या ग्रंथींचा वास मागे राहतो. म्हणून हे काम मांजर माणसांच्या वावरात, झोपेतून उठल्या उठल्या करतं. विकत आणलेला खांब ओरबाडत नाही, याचं कारण बहुधा तो दीड फुटी असतो, डुगडुगतो आणि कोपऱ्यात ठेवलेला असतो. साधारण तीन फुटांचं जाड लाकूड भक्कम बुडावर बसवा, त्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा किंवा गोणपाट ठोका, आणि ते सोफ्याच्या त्याच कोपऱ्याला चिकटून उभं करा. सोफ्याच्या त्या भागाला काही आठवडे दुहेरी चिकटपट्टी लावा. दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची फक्त पारदर्शक टोकं कापा, आतला गुलाबी भाग सोडून.

नख्या कायमच्या काढून टाकण्याचा विचार मनातही आणू नका. त्यात प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड छाटलं जातं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली.

ओटा

शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं, असं आपण म्हणतो. ज्यांच्या घरात ही म्हण जन्मली त्यांनी बोक्याला शिकवत बसण्यापेक्षा दूध-लोणी उंच टांगलं होतं. आजही तेच करायचं. मासळी साफ केल्यावर ओटा लगेच धुवा, सिंकमध्ये काटे ठेवू नका, दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवा. स्वयंपाकघर दिसेल अशी एक उंच जागा, फ्रिजची वरची बाजू किंवा भिंतीवरची फळी, मांजराला द्या. त्याला वरून बघायचं असतं.

चावणं आणि पहाटेचा गोंधळ

पिल्लाशी हाताने मस्ती करू नका. दोन महिन्यांच्या पिल्लाचा चावा गोड वाटतो, वर्षाच्या बोक्याचा रक्त काढतो. काडीला दोरी आणि पीस बांधून खेळा. मोठं मांजर कुरवाळून घेताना चावण्याआधी सांगतं: शेपटीचं टोक आपटू लागतं, कान बाजूला वळतात, पाठीची कातडी थरथरते. यातलं काहीही दिसलं की हात काढा.

पहाटेसाठी रात्रीचा क्रम बदला. झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दमवणारा खेळ, त्यानंतर लगेच दिवसाचं शेवटचं जेवण. दार खरवडल्यावर उठून खायला दिलंत, तर मांजर रोज खरवडणार. दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिले काही दिवस गोंधळ उलट वाढतो, तेव्हा हार मानू नका. घरात सगळ्यांचं आधी ठरलेलं असू द्या. आई-बाबा कान बंद करून पडले आणि आजीने दया येऊन बांगड्याचा तुकडा दिला, तर मांजर आणखी जास्त वेळ ओरडायला शिकतं. दहा वर्षांपुढचं मांजर अलीकडेच रात्री ओरडायला लागलं असेल, तर मात्र दुर्लक्ष करू नका. त्याचा रक्तदाब आणि थायरॉइड तपासून घ्या.