भेडाघाटला जाताय? या चुका टाळा

नर्मदेचे संगमरवरी कडे आणि धुवांधार धबधबा बघायला जबलपूरजवळ भेडाघाटला जायचं, तर पहिली चूक घरीच होते, रेल्वेचं तिकीट काढताना. धबधबा म्हणजे पावसाळा, हे गणित सह्याद्रीने आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. ठोसेघर-आंबोली बघून वाढलेला माणूस ऑगस्टमध्ये जबलपूरला उतरतो आणि नावेतली फेरी, धबधबा, दोन्हीला मुकतो. आमच्या काकांनी 15 ऑगस्टची जोडून आलेली सुट्टी अशीच साधली होती. पावसाळ्यात संगमरवरी कड्यांमधला नौकाविहार बंद असतो, एवढं त्यांना पंचवटी घाटावर गेल्यावर कळलं. निदान धुवांधार तरी बघू म्हणून गेले, तर धबधबाच नाही! वरच्या अंगाला नर्मदेवर बरगी धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की खालच्या अरुंद घळीत पाणी तुंबून इतकं चढतं की धबधब्याची उडीच बुडून जाते. उरतो नुसता गढूळ लोंढा. काका अजून म्हणतात, "पूर बघायला सांगलीला गेलो असतो."

तेव्हा ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हे दिवस धरा. पाणी निवळलेलं असतं, नाव चालू असते आणि धुवांधारला जोरही असतो. चांदण्यात कडे बघायचे म्हणून बरेच जण शरद पौर्णिमा गाठतात. त्या सुमाराला तिथे नर्मदा महोत्सव असतो, म्हणजे चांदणं कमी आणि माणसं जास्त. कार्तिकी पौर्णिमेला जत्रा. मला विचाराल तर मार्गशीर्षातली पौर्णिमा बरी; फक्त रात्रीची नाव सोडणार आहेत का, हे आदल्या दिवशी घाटावरच विचारून घ्या.

दुसरा घोटाळा जवळजवळ प्रत्येक नावेत ऐकू येतो: "भैया, धबधबा कधी येणार?" येणार नाही. नाव पंचवटी घाटावरून निघून घळीत वर जाते आणि बंदरकूदनीच्या आसपास मागे फिरते. तिथे दोन्ही कडे इतके जवळ आलेत की पूर्वी माकडं इकडून तिकडे उड्या मारत, असं सांगतात. पुढे प्रवाह आणि खडक नावेला जाऊ देत नाहीत. धुवांधारला रस्त्याने जायचं आणि शेवटी दुकानांच्या गल्लीतून पायी. हे माहीत नसलं की लोक नावेतून उतरून थेट परतीच्या रिक्षात बसतात.

क्रमही चुकतो. बरोबर क्रम असा: सकाळी आधी नाव, मग चौसष्ट योगिनी मंदिर, धुवांधार सगळ्यात शेवटी. मंदिर कलचुरी राजांच्या काळातलं, 10व्या शतकातलं. शंभरावर पायऱ्या चढून जायचं आणि गोल आवारात अनवाणी फिरायचं. दुपारी फरशी तापली की योगिनींकडे कोण बघतंय, सगळे सावली शोधत उड्या मारतात. आणि धुवांधारला भिजायला होतंच, म्हणून ते शेवटी.

नावेत बसण्यापूर्वी दोन गोष्टी तोंडी ठरवा: भाडं माणशी की अख्ख्या नावेचं, आणि कुठपर्यंत नेणार. लाइफ जॅकेट मागून घ्या. मग मात्र मोबाइलवरची गाणी बंद करा. इथले नावाडी यमक जुळवत अखंड बोलतात. या खडकात गणपती दाखव, त्यात गाडी दाखव. विनोद पिढीजात, पण वल्ह्याच्या तालावर कड्यांतून घुमून येतात तेव्हा हसू येतंच.

धुवांधारला चष्मा, कॅमेरा सारखा पुसावा लागतो. सुती फडकं जवळ ठेवा. कठड्याबाहेरचे खडक कोरडे दिसतात, पण पाण्याने घासून गुळगुळीत झालेत आणि वरून पाणी सोडलं की पातळी वाढते. सेल्फीसाठी तिकडे उतरू नका, बाकी काही बोलायला नको.

एक गोष्ट खास नर्मदा परिक्रमेला निघालेल्यांसाठी. आपल्याकडचे पुष्कळ लोक परिक्रमेत भेडाघाटला थांबतात आणि सोबतच्या हौशी मंडळींबरोबर रोपवेत बसायला निघतात. तो रोपवे नदीवरून पलीकडच्या तीरावर जातो, आणि परिक्रमेत मैया ओलांडायची नसते. नावेलाही तेच लागू. काठावरूनच "नर्मदे हर" म्हणा, धुवांधार तिथूनही दिसतो.

खरेदीत फसायची जागा म्हणजे "संगमरवरी" मूर्ती. नखाने हलकेच ओरखडून बघा. चरा उठला तर तो संगजिरा नावाचा मऊ दगड आहे. वाईट नाही, फक्त संगमरवराच्या भावाने घेऊ नका आणि कपड्यांच्या बॅगेत कोंबू नका. आमच्या हत्तीची सोंड भुसावळ यायच्या आत तुटली होती. फेव्हिक्विकने चिकटवली, पण थोडी डावीकडे वळलीय.