'समजलं ना?' हा प्रश्न बंद करा: पेशंटला समजावताना होणाऱ्या चुका

"समजलं ना आजी?" असं विचारलं की आजी मान हलवतात. दारात पुढचा नंबर डोकावत असतो, सुनेला एसटी गाठायची असते, आणि डॉक्टरांसमोर 'नाही कळलं' म्हणायची लाज वाटते. मान हलवली की सुटका होते. केसपेपरवर 'पेशंटला समजावून सांगितले' असा शिक्का बसतो आणि पुढच्या गोंधळाची सुरुवात तिथेच होते. यातून इंटर्न सुटत नाहीत, नवीन सिस्टर सुटत नाहीत, समुपदेशक सुटत नाहीत. वीस वर्षं ओपीडी केलेले डॉक्टर तर मुळीच सुटत नाहीत, कारण त्यांना आपण छान समजावतो अशी खात्री असते.

करून न पाहता नुसतं सांगणं

ही चूक इन्सुलिन सुरू करताना सगळ्यात महाग पडते, म्हणून आधी तीच.

आपल्याकडे इन्सुलिनची साधी बाटली बहुतेक वेळा ४० युनिट प्रति मिलीची असते आणि इन्सुलिनच्या पेनमधली कार्ट्रिज (आत बसवायची औषधाची नळी) १०० युनिट प्रति मिलीची. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात. यू-४० ला लाल टोपी, यू-१०० ला केशरी. मेडिकलमध्ये जाऊन 'इन्सुलिनची सुई द्या' म्हटलं की जी हाताशी असेल ती मिळते. आता हिशेब करा. ४० च्या बाटलीतून केशरी टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर ते ०.२ मिली भरतं, म्हणजे फक्त ८ युनिट. उलट पेनचं बटण बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने २० पर्यंत ओढलं, तर ०.५ मिली, म्हणजे ५० युनिट. पहिल्या चुकीत साखर चढते. दुसरीत माणूस सकाळी उठतच नाही.

याचा एक नमुना पाहा. साठीतल्या एक बाई, ३०/७० मिक्स इन्सुलिन (झटपट आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण), सकाळी २० आणि रात्री १२ युनिट. दोन आठवड्यांनी उपाशीपोटीची साखर २८० च्या पुढे. डोस वाढला. पुन्हा तेच, पुन्हा वाढला. केसपेपरवर 'पथ्य पाळत नाहीत' असा शेरा पडला. सुनेनेही दुजोरा दिला, कारण सासूबाई डब्यातला गूळ चोरून खातात हे घरात जगजाहीर. दीड महिन्यात डोस सकाळी ४० आणि रात्री २४ वर पोचला. मग पायाच्या जखमेसाठी त्या ॲडमिट झाल्या. रात्रपाळीच्या सिस्टरनी केसपेपर वाचून, वॉर्डातल्या लाल टोपीच्या सिरिंजने, बरोब्बर २४ युनिट दिले. पहाटे तीनला बाई घामाने निथळत होत्या आणि भलतंच बोलत होत्या. साखर ३८. शिरेतून ग्लुकोज देऊन शुद्धीवर आणलं. सकाळी कुणाला तरी त्यांची पिशवी उघडायचं सुचलं. आत ४० ची बाटली आणि केशरी टोपीची सिरिंज. घरी '२४' म्हणून जे जात होतं ते खरं तर साडेनऊच युनिट होतं. म्हणजे त्या रात्री अडीचपट डोस गेला, तोही कागदावर तंतोतंत बरोबर.

दीड महिन्यात डोस चार वेळा वाढला. 'काल रात्री कसं टोचलंत ते दाखवा' एवढं कुणीच म्हटलं नाही. गुळाचा शोध मात्र लागला.

म्हणून इन्सुलिनवरचा पेशंट आला की आधी पिशवी टेबलावर. बाटली, सिरिंज, रिकाम्या टोप्या, सगळं. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी शेजारी धरून पेशंटलाच वाचायला लावा. वाचता येत नसेल तर रंग पाठ करून घ्या: "या बाटलीला लाल टोपी." चिठ्ठीवरही 'लाल टोपीची सिरिंज' असं मराठीत लिहा. मेडिकलवाला तेच वाचतो.

मग सलाइनची बाटली देऊन टोचण्याची तालीम करून घ्या. दुधाळ इन्सुलिन तळहातांत १० वेळा फिरवायचं, १० वेळा हळू वर-खाली करायचं. खसाखसा हलवायचं नाही. जेवढे युनिट ओढायचे तेवढी हवा आधी बाटलीत सोडायची. खूण डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचायची. बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून, चिमटीत कातडी धरून टोचायचं, दट्ट्या पूर्ण दाबल्यावर दहा आकडे मोजायचे, मगच सुई काढायची. जागा रोज बोटभर सरकवायची. पोटावरून हात फिरवून पाहायची सवय तुम्हीही लावून घ्या. एकाच जागी टोचून टोचून तिथे मऊ गाठ झालेली असते. तिथे दुखत नाही म्हणून पेशंटला तीच जागा आवडते, आणि तिथून औषध धड शोषलं जात नाही.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायची, फ्रीजरमध्ये कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचं. वापरातली बाटली घरात सावलीत साधारण महिनाभर चालते. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात प्लास्टिकच्या डबीत घालून मातीच्या ओल्या भांड्यात ठेवायला सांगा. फ्रिज नाही म्हणून इन्सुलिन नाकारणारे पुष्कळ असतात. ते 'भीती वाटते' म्हणतात, फ्रिजबद्दल बोलत नाहीत. विचारावं लागतं.

"एवढा वेळ कुणाकडे आहे?" असं नवीन मंडळी विचारतात. ही तालीम पाच-सात मिनिटांची. वरच्या बाईंच्या पहाटेला किती वेळ लागला असेल ते मोजा.

'समजलं का' ऐवजी काय

ओझं स्वतःवर घ्या. "मी भराभर बोललो. काही राहिलं का ते बघू. घरी गेल्यावर ही गोळी कधी घेणार ते मला सांगा बरं." परीक्षा घेतल्यासारखा सूर लागला की पेशंट गप्प होतो. उत्तर चुकलं तर तेच वाक्य मोठ्या आवाजात परत म्हणू नका. तो बहिरा नाही, तुमचं वाक्य वाईट आहे. वाक्य बदला. आणि एका बैठकीत तीन गोष्टींच्या वर जाऊ नका. आहाराचा तक्ता, व्यायाम, पायांची काळजी, साखर उतरल्याची लक्षणं आणि डोळ्यांची तपासणी असं सगळं एका दमात ओतणाऱ्यांना फक्त आपलं काम उरकायचं असतं.

इन्सुलिनच्या पहिल्या दिवशीच्या तीन गोष्टी ठरलेल्या: किती, कसं, आणि साखर उतरली तर काय. घाम, थरथर, अचानक भूक लागली की तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, ७० च्या खाली असेल तर पुन्हा घ्यायची. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, थेट दवाखाना. बाकीचं पुढच्या खेपेला.

पेशंट समोर असताना मुलाशी बोलणं

ही माझ्या रागाची दुसरी जागा. म्हातारा खुर्चीत बसलेला, रिपोर्ट त्याचा, आणि डॉक्टर त्याच्या डोक्यावरून मागे उभ्या मुलाशी इंग्रजीमिश्रित बोलताहेत. मुलाने आधीच आत येऊन सांगितलेलं असतं: "कॅन्सर आहे हे बाबांना सांगू नका, खचतील." आपण होकार भरतो, कारण सगळ्यांसाठी तेच सोपं.

मग काय होतं? बाबांना 'गाठीचं औषध' म्हणून सलाइन लागतं. केस गळतात. शेजारच्या खाटेवरचा माणूस विचारतो, "तुमचा कितवा केमो?" इमारतीवरची पाटी वाचता येतेच. बाबांना सगळं कळतं, पण मुलाला कळू नये म्हणून ते न कळल्यासारखं वागतात. घरात दोन्ही बाजूंनी नाटक सुरू. केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर ते 'आता नको' म्हणतात, आणि कुणालाच कारण विचारता येत नाही, कारण आजाराचं नावच कधी उच्चारलेलं नसतं. शेताची वाटणी, धाकटीचं लग्न, गावी जाऊन राहायचं की इथेच, हे निर्णय त्यांचे होते. ते दुसऱ्यांनी घेतलेले असतात.

मुलाला झिडकारू नका. त्याला विचारा की नेमकी भीती कशाची आहे. मग पेशंटला एकट्याला, दार लोटून: "रिपोर्ट आले आहेत. तुम्हाला सगळं सविस्तर ऐकायचंय, थोडक्यात ऐकायचंय, की मुलाशी बोलू?" काही जण खरंच म्हणतात, "पोराशी बोला, मला नको." मग तसंच करा. तो निर्णयही त्यांचाच. केसपेपरवर तारखेसह लिहा.

सहीचंही तसंच. शुद्धीवर असलेल्या, सज्ञान माणसाची संमती त्याचीच लागते. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेच सांगितलं. तपासणीच्या लॅपरोस्कोपीला (पोटात दुर्बीण घालून पाहायला) दिलेली संमती गर्भाशय काढायला चालत नाही, आणि पेशंट भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची घेतलेली संमतीही चालत नाही. तातडीने जीव वाचवायचा असेल तर गोष्ट वेगळी. गर्भपातासाठी १९७१ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांवरच्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते. तरी 'मिस्टरांना घेऊन या' म्हणून तिला परत पाठवणारे आजही आहेत. हा अडाणीपणा आहे.

'तुम्ही म्हणाल ते' हे उत्तर स्वीकारणं

पर्यायच सांगितले नाहीत तर माणूस दुसरं काय म्हणणार? कागदाच्या मधोमध रेघ मारा. एका बाजूला गोळ्या वाढवणं, दुसऱ्या बाजूला इन्सुलिन. खाली रोज काय करावं लागेल, महिन्याचा खर्च, साखर उतरण्याचा धोका, वजन. मग विचारा, "यातलं तुमच्या घरात काय जमेल?" पहाटे पाचला भाजी मार्केट गाठणाऱ्याचं उत्तर आणि निवृत्त मास्तरांचं उत्तर वेगळं येतं, आणि दोन्ही बरोबर असतात. हे झाल्यावर 'तुम्ही माझ्या जागी असता तर?' विचारलं तर तुमचं मत खुशाल द्या, कारणासकट.

आकडे सांगताना 'धोका निम्मा होतो' म्हणू नका. शंभरात दोनाचा एक झाला तरी निम्मा, आणि चाळिसाचे वीस झाले तरी निम्मा. "तुमच्यासारखे शंभर जण, त्यातले इतके" असं सांगा, आणि शंभर तेच ठेवा. मध्येच 'हजारात पाच' आलं की हिशेब मोडतो.

बाकीच्या, पटापट

संधिवाताची मेथोट्रेक्सेट गोळी 'आठवड्यातून एकदा' असं लिहून सोडणं. वाराचं नाव लिहा, 'फक्त सोमवारी'. ही गोळी रोज घेऊन माणसं दगावली आहेत.

'रिकाम्या पोटी' म्हणजे चहा घेऊन, असं निम्म्या महाराष्ट्राला वाटतं. थायरॉइडची गोळी देताना 'चहाच्या आधी अर्धा-एक तास, नुसत्या पाण्याबरोबर' म्हणा.

उपवास न विचारणं. एकादशीला ग्लिमेपिराइडची (साखर उतरवणारी) गोळी घेऊन दिवसभर नुसतं पाणी पिणारे असतात, आणि गोळी सोडून दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी खाणारेही.

रोटाकॅप (यंत्रात घालून श्वासाबरोबर ओढायची दम्याची कॅप्सूल) लिहून यंत्र न दाखवणं. कॅप्सूल गिळून 'दमा कमी नाही' म्हणत परत येतात.

'ए आजी, इकडे ये.' अरे-तुरे करणाऱ्याला कुणी शंका विचारत नाही.

आठवीतल्या नातवाला दुभाषा करणं. आजीची पाळी आणि लघवीची तक्रार तो काय सांगणार?

इंग्रजी माहितीपत्रक हातात कोंबणं. त्यात घरी चपात्या गुंडाळल्या जातात.

आणि तिसऱ्या दिवशी फोन न करणं. इन्सुलिन, इनहेलर किंवा रक्त पातळ करायची गोळी नवीन सुरू केली की फोन करायचाच. 'बरं आहे का' विचारू नका, त्यावर 'बरंय' येणारच. "काल रात्री कितीच्या खुणेपर्यंत ओढलंत, आणि टोपी कुठल्या रंगाची होती?" एवढंच. पलीकडे शांतता पसरली आणि मागून सुनेला हाक ऐकू आली, तर म्हणायचं, उद्या पिशवी घेऊन या.