महाविद्यालयात बाहेरचा सल्लागार नेमताना या चुका टाळा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाली. मेजर-मायनरची (मुख्य आणि दुय्यम विषयांची) जुळवाजुळव, श्रेयांकांची (क्रेडिट्सची) नोंद, कार्यप्रशिक्षणासाठी जागा मिळवणे आणि त्यातच नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या तपासणीची, तयारी, असा सगळा भार एकाच वेळी अंगावर आल्यावर प्राचार्यांना बाहेरून मदत घ्यावीशी वाटली तर त्यात गैर काहीच नाही. बिघाड होतो तो मदत कशासाठी हवी हे न ठरवता काम दिल्यामुळे; आणि एकदा कार्यादेश निघाला की तो निस्तरणे फार कठीण जाते.

श्रेणी मागणे, प्रश्न न मांडणे

‘आम्हाला नॅकची ए प्लस श्रेणी मिळवून द्या’ हे काम सल्लागाराला सांगण्यासारखे नाही. त्याऐवजी प्रथम वर्षाची किती मुले द्वितीय वर्षात पोहोचत नाहीत आणि ती कोणत्या विषयात अडकतात, ग्रंथालयाचा वापर का घटला, माजी विद्यार्थ्यांची माहिती पदवीनंतर का तुटते, असे दोन-तीन प्रश्न महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत ठरवून इतिवृत्तात नोंदवावेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 च्या कलम 97 नुसार ही समिती असतेच, तिच्यात निवडून आलेले शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारीही असतात. तरीही सल्लागाराचे नाव पुष्कळदा संस्थाचालकांच्या दालनात ठरते आणि समितीपुढे केवळ मान्यतेसाठी येते.

जो सल्लागार श्रेणीची हमी देतो, त्याला तिथेच निरोप द्यावा. फेब्रुवारी 2025 मध्ये नॅकच्या तपासणी समितीच्या अध्यक्षासह काही सदस्यांना सीबीआयने लाचखोरीच्या प्रकरणात अटक केल्यानंतर तर अशा हमीचा अर्थ कोणाला समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही.

अधिकार कोणाचा, हे न पाहणे

संलग्न महाविद्यालयाला अभ्यासक्रम बदलता येत नाही. तो विद्यापीठाच्या अभ्यास मंडळात ठरतो. असे असूनही स्वायत्त महाविद्यालयासाठी केलेला आराखडा, मुखपृष्ठ बदलून, संलग्न महाविद्यालयापुढे ठेवला जातो आणि त्यातील निम्म्या शिफारशी ‘विद्यापीठाने मान्यता दिल्यास’ या शब्दांपाशी थांबतात. म्हणून पहिल्याच बैठकीत सल्लागाराच्या हाती एक साधी यादी द्यावी: अध्यापनाची पद्धत, अंतर्गत मूल्यमापन, मूल्यवर्धित (पदवीच्या अभ्यासक्रमाबाहेरचे जोड) अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि मार्गदर्शक-शिक्षक योजना या गोष्टी आपल्या हातात आहेत, बाकीच्या नाहीत. एवढ्याने निम्मे सादरीकरण आपोआप गळते, आणि ते गळलेलेच बरे.

लेखन आणि आकडे दोन्ही सोपवणे

सर्वांत महाग पडणारी चूक ही. नॅकच्या 2017 च्या सुधारित पद्धतीत स्वयंअध्ययन अहवालाचा (महाविद्यालयाने स्वतःविषयी नॅकला द्यायच्या अहवालाचा) मोठा भाग, सुमारे 70 टक्के, संख्यात्मक निकषांचा झाला आणि त्यातील दावे कागदपत्रांशी ताडून पाहिले जाऊ लागले. मागील पाच वर्षांची ही माहिती परीक्षा विभाग, कार्यालय, ग्रंथालय आणि प्रत्येक विभागप्रमुखाच्या कपाटात विखुरलेली असते. सल्लागाराकडे ती नसते. त्याच्याकडे नमुने असतात. मग रिकाम्या जागा नमुन्यातून भरल्या जातात, ‘उत्तम उपक्रम’ या शीर्षकाखाली शेजारच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयाचा वृक्षारोपणाचा परिच्छेद उतरतो, आणि पडताळणीत शंका आली की उत्तर देण्याची वेळ अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या समन्वयकांवर येते. तोवर सल्लागाराचा फोन लागत नसतो.

अध्ययन-निष्पत्तींचे, म्हणजे विषय शिकून विद्यार्थ्याला काय यायला हवे आणि ते किती साधले याचे, तक्ते या बाबतीत पाहण्यासारखे असतात. मराठी वाङ्मय, संख्याशास्त्र आणि लेखाकर्म या तिन्ही विषयांची निष्पत्ती-साध्यता 2.4 निघाली असेल, तर ती एकाच एक्सेल सूत्रातून आली आहे हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. खरा उपयोग करून घ्यायचा असेल तर एकच विषय निवडावा, त्याच्या अंतर्गत परीक्षेची वीस-पंचवीस उत्तरपत्रिका सल्लागारासमोर ठेवाव्यात, कोणता प्रश्न कोणती निष्पत्ती तपासतो हे त्याच विषयाच्या शिक्षकांनी त्याच्यासोबत बसून ठरवावे आणि गुण हाताने भरावेत. पाचही प्रश्न केवळ पाठांतर तपासत होते हे तिथे दुपारपर्यंत उघड होते. पुढच्या सत्राची प्रश्नपत्रिका बदलते ती त्या दुपारमुळे. चाळीस विषयांचे चकचकीत तक्ते फायलीतच राहतात.

सल्लागाराने पद्धत शिकवावी, मसुदा तपासावा, उणिवा निर्भीडपणे दाखवाव्यात. आकडा भरणे आणि वाक्य लिहिणे हे महाविद्यालयाचेच काम आहे.

स्टाफरूमला शेवटी कळवणे

सुधारणेचा सगळा भार बहुधा समन्वयक आणि दोन-तीन उत्साही सहायक प्राध्यापकांवर पडतो; उरलेले शिक्षक कार्यशाळेत हजेरीपुरते बसतात. त्यांच्या अनास्थेला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु प्रत्यक्ष वर्गांपैकी मोठा वाटा जिथे तासिका तत्त्वावरील शिक्षक घेतात, तिथे त्यांना तासापुरतेच मानधन द्यायचे आणि शनिवारच्या दिवसभराच्या बैठकीला मात्र त्यांनी विनामोबदला यावे अशी अपेक्षा ठेवायची, हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. सल्लागाराच्या शुल्कासोबत या शिक्षकांच्या बैठकीच्या मानधनाची तरतूद त्याच अंदाजपत्रकात करावी. कार्यालयीन अधीक्षक आणि परीक्षा विभागातील लिपिक यांनाही पहिल्या बैठकीला बोलवावे, कारण कोणती माहिती कोणत्या रजिस्टरमध्ये आहे आणि कोणत्या वर्षाचे रजिस्टर सापडत नाही हे त्यांनाच ठाऊक असते.

पासवर्ड देऊन मोकळे होणे

नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणासाठी विद्यार्थ्यांचे ईमेल आणि मोबाइल क्रमांक लागतात, त्यामुळे ती यादी आणि पोर्टलचा पासवर्ड सल्लागाराच्या कार्यालयात सहज जातो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 साली झाला आहे. त्याआधीही हे योग्य नव्हतेच. पोर्टलवर माहिती महाविद्यालयाच्या माणसानेच, महाविद्यालयातच बसून भरावी, आणि काम संपल्यावर सल्लागाराने सर्व प्रती परत कराव्यात असे करारात लिहून घ्यावे.

करारात आणखी दोन बाबी हव्यात. शुल्क टप्प्याटप्प्याने द्यावे आणि प्रत्येक टप्पा दाखवता येईल अशा कामाशी जोडलेला असावा. ‘मार्गदर्शन’ हा टप्पा होऊ शकत नाही. शिवाय प्रत्यक्ष कोण येणार त्याचे नाव लिहावे, कारण दरपत्रकासोबत निवृत्त कुलगुरूंचा परिचय जोडलेला असतो आणि कामाला नुकतीच पदव्युत्तर पदवी घेतलेला मुलगा येतो.

काम आधीच अडकले असेल तर

अर्धे शुल्क गेले, हाती काही नाही आणि मुदत जवळ आली, अशा स्थितीत नवा सल्लागार शोधण्यात वेळ दवडू नये. आधी मूळ फाइल्स मागून घ्याव्यात; पीडीएफ चालणार नाही, भरलेले तक्ते त्यांच्या सूत्रांसह हवेत. मग प्रत्येक निकषासाठी एक शिक्षक आणि एक कार्यालयीन कर्मचारी अशी जोडी नेमून, लिहिलेल्या प्रत्येक दाव्यापुढे पुरावा कोणत्या फायलीत आहे ते नोंदवावे, आणि ज्याचा पुरावा सापडणार नाही तो दावा निर्दयपणे काढून टाकावा. अहवाल बारीक होतो. संस्थाचालक नाराज होतात, म्हणून ही यादी विकास समितीपुढे ठेवून, काढलेल्या दाव्यांसह, इतिवृत्तात घ्यावी. सल्लागाराचे उरलेले देयक त्यानंतर, प्रत्यक्ष झालेल्या कामापुरतेच मंजूर करावे.