मुलांना सायन्सची गोडी लावायचीय? एक दोरा आणि एक नट घ्या

मुलाला सायन्स आवडावं म्हणून कुठलं किट घेऊ असं बरेच जण विचारतात, माझं म्हणणं आहे किट राहू द्या, दोऱ्याला बोल्टचा एक जड नट बांधून टांगा, झोका द्या (यालाच लोलक म्हणतात) आणि हा एकच प्रयोग पहिलीपासून दहावीपर्यंत पुन्हा पुन्हा काढा, दर वेळी मूल त्यातून काहीतरी वेगळं शोधतं.

पहिली-दुसरीत मोजमाप नको, नुसतं खेळू दे. "असं का होतं?" विचारलं की लगेच उत्तर देऊन मोकळं होऊ नका, "तुला काय वाटतं, बघूया का करून?" एवढंच म्हणा. या वयात मेणबत्तीपण भारी, पेटवायचं काम मात्र मोठ्यांनीच करायचं. फुंकून विझवली की जो पांढरा धूर वर जातो त्याला लगेच पेटती काडी लावा, वातीला न टेकवता, ज्योत धुरावरून सरसर खाली येते आणि वात परत पेटते! जळतं ते वाफ झालेलं मेण, पण हे मुलाला स्वतःला सुचेपर्यंत थांबा, दोन दिवस लागले तरी लागू देत.

पाचवी ते सातवी हा खरा काळ. टांगलेल्या जागेपासून नटच्या मध्यापर्यंत 25 सेंटीमीटर दोरा ठेवा, थोडासाच ओढून सोडा, जाऊन परत आला की एक, असे 10 झोके मोजा, साधारण 10 सेकंद लागतात. आता जड नट लावला तर काय होईल? आधी अंदाज वहीत लिहायला लावा, ही पायरी अजिबात गाळू नका. बरीच मुलं लिहितात फास्ट जाईल, पण वेळ तेवढाच येतो. मग दोरा चौपट करा, 1 मीटर, अंदाज असतो 40 सेकंदांचा आणि येतात 20, मूल म्हणतं माझंच मोजायला चुकलं आणि परत मोजायला बसतं, त्या वेळी मध्ये बोलू नका प्लीज. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढं फक्त सांगा.

आठवीनंतर मार्कांच्या मागे लागून बऱ्याच जणांची गोडी जाते, म्हणून तीच जुनी वही काढा. लांबी आणि वेळ यांचा ग्राफ वाकडा येतो, वेळेचा वर्ग घेतला की सरळ रेष! मग लोलकाच्या सूत्रातलं (T = 2π√(L/g), T म्हणजे एका झोक्याची वेळ, L लांबी, g गुरुत्वत्वरण) वर्गमूळ कुठून आलं ते पाठ करावं लागत नाही, आणि डच शास्त्रज्ञ हायगेन्सने 1656 मध्ये लोलकाचं घड्याळ कशाच्या भरवशावर बनवलं तेही कळतं, लांबी तीच तर झोक्याची वेळही तीच. याच आकड्यांवरून गुरुत्वत्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, काढायला सांगा, 9.8 मीटर प्रति सेकंद वर्गच्या जवळपास यायला हवं. 9.2 आलं तर पुस्तकातला आकडा लिहून टाकू देऊ नका, लांबी नटच्या मध्यापर्यंत धरली होती का ते बघा, आणि 10 ऐवजी 20 झोके मोजा म्हणजे स्टॉपवॉच दाबण्यातली गडबड निम्मी होते.